स्केच लाल का होते?
संगणकावरील आराखड्यातील मापांचा गोंधळ आणि तो सोडविण्याची रीत



दहावीनंतर आपल्या जांबोटी परिसरातील पुष्कळ मुले-मुली आयटीआय किंवा डिप्लोमाची वाट धरतात. काही खानापूरला राहतात, बरीच बेळगावला जातात आणि पुढे त्यांतील अनेकजण उद्यमबाग, मच्छे भागातील फौंड्री, मशीनशॉप किंवा हायड्रॉलिकच्या कारखान्यांत लागतात. सुटीत शाळेत भेटायला येणारे हे माजी विद्यार्थी पूर्वी लेथ आणि मिलिंगविषयी बोलत असत. आता ते कॅडविषयी, म्हणजे संगणकावर काढायच्या यांत्रिक आराखड्यांविषयी बोलतात. त्यांची एक तक्रार आम्ही इतक्यांदा ऐकली आहे की तिच्यावर स्वतंत्र पाठच लिहावा असे ठरविले. तक्रार अशी : "आकृती बरोबर काढतो, मापे बरोबर घालतो, तरी स्केच लाल होते आणि पुढे काही करू देत नाही."

मग तुम्ही काय करता, असे विचारले की बहुतेकांचे उत्तर एकच असते. एकेक माप पुसत जायचे आणि लाल रंग गेला की थांबायचे.

हे उत्तर काळजीचे आहे. लाल रंग जातो हे खरे, पण पुसले गेलेले माप नेमके कामाचे असेल तर? आराखडा वरून नीटनेटका दिसतो, त्यावरून पॅटर्न बनते, ओतकाम होते, मशीनवर भोके पडतात आणि जोडणीच्या वेळी बोल्ट आत जात नाही. तोवर पन्नास-शंभर नग तयार झालेले असतात. नव्याने लागलेल्या मुलाला त्या दिवशी काय ऐकून घ्यावे लागत असेल ते सांगायला नको. आणि मग तो घरी येऊन म्हणतो, आमचे मराठी माध्यम, सगळे मेनू इंग्रजीत, म्हणून असे होते.

आमचे मत वेगळे आहे. शंभरातील नव्वद वेळा अडचण इंग्रजीची नसते, भूमितीची असते. आणि ती भूमिती तुम्ही आठवी ते दहावीत मराठीतून शिकलेली आहे.

माप म्हणजे चिठ्ठी नव्हे, अट

कागदावरच्या ड्रॉइंगमध्ये आपण आधी आकृती काढतो आणि मग तिच्या बाजूला माप लिहितो. माप ही आकृतीला लावलेली चिठ्ठी असते. जुन्या ऑटोकॅडमध्येही कितीतरी वर्षे असेच चाले. हे सॉफ्टवेअर १९८२ साली आले. त्यात रेष नेमक्या लांबीची काढावी लागे आणि माप नंतर तिच्यावरून वाचले जाई. इतकेच नव्हे, तर वाचलेल्या मापाच्या जागी दुसराच आकडा हाताने टाइप करता येई, अजूनही येतो. रेष ८८ मिलिमीटरची आणि तिच्यावर अक्षरे '९०'! कागदावर छापून ते वाचणारा माणूस ९० करील, पण तीच फाइल लेसर कटिंगच्या मशीनला दिली तर मशीन रेष पाहते, अक्षर नव्हे. ते ८८ च कापते. जुन्या फाइलवर काम करताना मापे जुळत नसतील तर ही शक्यता सर्वांत आधी तपासावी.

आजच्या सॉलिडवर्क्स, फ्रीकॅड यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र गोष्ट उलटी आहे. तेथे स्केच अंदाजाने काढायचे आणि त्यावर अटी घालायच्या. ही रेष आडवी, ती उभी, या दोन समांतर, हे वर्तुळ त्या रेषेला स्पर्श करणारे, ही लांबी १२०. संगणक या साऱ्या अटी एकत्र सोडवितो आणि त्या सर्वांना पटेल अशी आकृती आपल्यापुढे ठेवतो. समीकरणे सोडविण्याचाच हा प्रकार आहे. कल्पनाही आजची नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत आयव्हान सदरलँड यांनी १९६३ मध्ये 'स्केचपॅड' नावाची प्रणाली करून दाखविली. पडद्यावर प्रकाशलेखणीने वेड्यावाकड्या रेषा काढायच्या आणि त्या समांतर कर, लंब कर असे संगणकाला सांगायचे, हे त्यात होते. कारखान्यांपर्यंत ही पद्धत पोहोचायला १९८८ चे प्रो-इंजिनिअर आणि १९९५ चे सॉलिडवर्क्स यावे लागले. ऑटोकॅडनेही २०१० च्या आवृत्तीत अशा अटींची सोय केली.

तेव्हा मोठ्या भावाने ऑटोकॅड शिकविले म्हणून नवे सॉफ्टवेअर आपोआप येईल असे धरून चालू नये. तेथे मापाचा अर्थच बदलला आहे.

गोठ्याचे फाटक आणि शेताचा कर्ण

अटी किती लागतात? हे समजायला संगणक नको. चार दांड्या घ्या, कोपऱ्यांवर एकेक खिळा ठोका. झाले गोठ्याचे फाटक. चारही बाजूंची लांबी पक्की आहे, तरी हे फाटक दोन पावसाळ्यांत खाली ओघळते. चौकोनाचा समांतरभुज चौकोन होतो. सुतार काय करतो? एक तिरपी पट्टी मारतो. फाटक जागच्या जागी राहते.

शेताचेही तसेच. आपल्याकडे जमीन गुंठ्यात मोजतात. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एकर. आता चारही बाजू ६६ फूट असलेला तुकडा किती गुंठ्यांचा? झटकन उत्तर येते, चार गुंठे. पण त्याचा कोपरा काटकोनात नसेल तर? कोपरा ३० अंशांचा असेल तर तीच चार मापे ठेवून क्षेत्र दोनच गुंठे भरते. निम्मे शेत गेले आणि बाजूंपैकी एकही माप खोटे नाही! कर्ण मोजला तरच उलगडा होतो. कोपरे काटकोनात असतील तर कर्ण ९३ फूट ४ इंच येईल. दुसऱ्या तुकड्याचा आखूड कर्ण ३४ फूट २ इंच येईल.

ही गोष्ट आपल्या पूर्वजांना नेमकी ठाऊक होती. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त नुसत्या चार बाजू सांगून चौकोनाचे क्षेत्र विचारणाऱ्याला, आणि त्याहूनही जास्त, ते सांगणाऱ्याला चांगलेच फटकारले आहे. लंब किंवा एक कर्ण सांगितल्यावाचून उत्तर ठरतच नाही, हे त्यांचे म्हणणे. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. आठशेहून अधिक वर्षांपूर्वी जो प्रश्न शेताचा होता, तोच आज पडद्यावरच्या स्केचचा आहे.

संगणकाची भाषा एवढीच की तो शिल्लक राहिलेली मोकळीक मोजतो. हा हिशेब एकदा हाताने करून पाहावा. प्रतलावरच्या बिंदूला दोन मोकळिकी असतात, डावीकडे-उजवीकडे आणि वर-खाली. रेषाखंडाला दोन टोके, म्हणून चार. वर्तुळाला तीन : केंद्राच्या दोन आणि त्रिज्येची एक. आता आयत काढा. चार रेषा म्हणजे १६ मोकळिकी. चार कोपरे जोडले की प्रत्येक जोडाला दोन याप्रमाणे ८ गेल्या, उरल्या ८. दोन रेषा आडव्या व दोन उभ्या केल्या, आणखी ४ गेल्या. लांबी आणि रुंदी दिली, उरल्या २. त्या का उरल्या? कारण आयत अजून पानभर कोठेही सरकू शकतो. एक कोपरा मूळबिंदूवर, म्हणजे आलेखातल्या (०, ०) वर बसविला की शिल्लक शून्य. फ्रीकॅडमध्ये स्केच आता हिरवे होते; सॉलिडवर्क्समध्ये निळ्या रेषा काळ्या होतात.

मूळबिंदूला बांधायचे विसरणे ही अगदी नेहमीची चूक आहे. सगळी मापे दिली तरी स्केच पुरे होत नाही असे मूल म्हणते, तेव्हा पन्नास टक्के वेळा एवढेच राहिलेले असते. कोणता भाग मोकळा आहे हे कळत नसेल तर एखादा कोपरा माउसने धरून हलके ओढावा. जे हलते ते बांधायचे राहिले आहे. फाटक हलवून पाहण्यासारखेच हे.

जादा अटीचे दोन प्रकार

आता मूळ तक्रारीकडे येऊ. वरील आयताची शिल्लक शून्य झाली असताना आपण पुन्हा सांगितले की समोरासमोरच्या बाजू समांतर आहेत. खोटे काही नाही, पण नवेही काही नाही. हा पहिला प्रकार : अट खरी, पण फुकटची. दुसरा प्रकार गंभीर आहे. समजा, त्रिकोणाच्या बाजू ६०, ८० आणि १०० दिल्या. पायथागोरसप्रमाणे ६० आणि ८० मधील कोन काटकोन असणारच. तेथे ९० अंशांचे माप घातले तर ते फुकटचे ठरेल. पण ६० आणि १०० च्या बाजूंमधील कोन आपण ५३ अंश लिहिला, तर? खरा कोन ५३.१३ च्या आसपास आहे. आपल्याला हा फरक क्षुल्लक वाटतो, संगणकाला वाटत नाही. त्याच्या दृष्टीने चार अटींपैकी एक तरी खोटी आहे. येथे अटी फुकटच्या नाहीत, त्या एकमेकींशी भांडत आहेत.

फ्रीकॅड हे दोन प्रकार वेगवेगळ्या शब्दांत सांगते आणि कोणत्या क्रमांकाच्या अटी गुंतल्या आहेत तेही दाखविते. घाईने चौकट बंद न करता तो संदेश वाचावा. मात्र एक लक्षात ठेवावे. कोणते माप चूक आहे हे संगणकाला ठाऊक नसते. ही मापे एकत्र नांदू शकत नाहीत एवढेच तो सांगतो. शेवटी घातलेले माप लाल झाले म्हणजे तेच चूक, असा अर्थ काढू नये. बहुधा ते बिचारे बरोबर असते आणि चूक कोठेतरी आधी झालेली असते.

ती आधीची चूक पुष्कळदा आपण केलेलीच नसते. रेष काढताना ती थोडी आडवी दिसली की सॉफ्टवेअर स्वतःच 'आडवी' अशी अट चिकटविते. माउस एखाद्या रेषेच्या मध्याजवळून गेला की नवे टोक त्या मध्याला जोडून टाकते. सोयीसाठी केलेली ही गोष्ट आहे, पण एक अंशाने तिरपी हवी असलेली रेष आडवी होऊन बसते आणि पुढे कोनाचे माप घातले की भांडण लागते. म्हणून माप पुसण्याआधी अटींची यादी उघडावी आणि एकेक ओळ पाहून स्वतःला विचारावे, ही अट मी घातली का? मला ती हवी आहे का?

मोकळिकींचा हिशेब शून्य आला म्हणून निर्धास्त होऊ नये, हेही येथेच सांगतो. स्केचच्या डाव्या बाजूला एक अट जादा आणि उजव्या बाजूला एक कमी असेल तरी हाताने केलेली बेरीज-वजाबाकी शून्यच येते. फाटकाच्या एका खणात दोन तिरप्या पट्ट्या मारल्या आणि दुसरा खण मोकळा सोडला, तर पट्ट्यांची संख्या बरोबर भरूनही फाटक ओघळणारच.

कोणते माप ठेवायचे?

खरा कस येथे लागतो. एक झाकणपट्टी घेऊ. लांबी १२०, दोन भोके, प्रत्येक भोक आपल्या बाजूच्या कडेपासून १५ आणि दोन भोकांच्या केंद्रांत ९०. पंधरा, नव्वद, पंधरा : बेरीज १२०. चारही आकडे खरे आहेत, पण चारही घातले की स्केच जादा बांधले जाते. एक काढावे लागेल. कोणते? संगणकाला चारही सारखेच. कारखान्याला नाहीत.

कारण कोणतेही माप मशीनवर तंतोतंत येत नाही. समजा, प्रत्येक मापाला ०.२ मिलिमीटर कमी-जास्त चालेल असे ठरले आहे. आपण ९० काढून टाकले आणि १२०, १५, १५ ठेवले. आता भोकांमधील अंतर कोणी थेट मोजणार नाही. ते १२० मधून दोन वेळा १५ वजा करून येणार. तिन्ही मापांच्या चुका एका दिशेने साचल्या तर ते अंतर ०.६ ने चुकू शकते, म्हणजे ८९.४ ते ९०.६ यांत कोठेही. ज्या बॉडीवर हे झाकण बसायचे तिच्यावरील आट्यांच्या भोकांची मापेही अशीच दिली असतील तर तिचे अंतरही ०.६ ने चुकू शकेल. वाईटात वाईट प्रसंगी दोहोंत १.२ चा फरक. ८ मिलिमीटरच्या बोल्टला झाकणात ९ चे भोक ठेवले, तर प्रत्येक भोकापाशी सर्व बाजूंनी अर्धा मिलिमीटर, म्हणजे दोन भोकांत मिळून १ मिलिमीटरचा फरक खपतो. १.२ खपत नाही. दुसरा बोल्ट आत जाणार नाही.

आता ९० हे माप ठेवा आणि १५ काढा. दोन्ही भागांवर अंतर जास्तीत जास्त ०.२ ने चुकेल, दोहोंत फरक ०.४. बोल्ट खुशाल बसतील. झाकणाची कड बॉडीबाहेर केसभर आली तरी कोणाचे बिघडत नाही.

म्हणून मापे पुसण्याआधी विचारायचे ते हे, की हा भाग कशाला बसणार आहे? त्याचे उत्तर देणारी मापे राहिली पाहिजेत. दोन्ही भोके मध्यरेषेच्या दोहों बाजूंना सममित आहेत अशी अट घातली की १२० आणि ९० एवढ्या दोन मापांत काम भागते, १५ आपोआप येते. वाचणाऱ्याच्या सोयीसाठी ते १५ दाखवायचेच असेल तर दाखवावे, पण अट म्हणून नव्हे, केवळ माहितीसाठी. सॉलिडवर्क्स जादा माप घालताना हा पर्याय स्वतःच पुढे करते. फ्रीकॅडमध्ये मापाचा प्रकार बदलण्याचे बटण आहे. कागदावर असे माप कंसात लिहितात. हे कंस शोभेचे नसतात, हे मशीनवर काम करणाऱ्यालाही ठाऊक असावे.

जमीन मोजणारे मात्र नेमके उलटे वागतात. ते जरुरीपेक्षा एक अंतर मुद्दाम जास्त मोजतात, म्हणजे आधीची चूक उघडी पडते. तेथे जादा माप हा साक्षीदार. माहितीपुरते ठेवलेले १५ असाच साक्षीदार असते : मूळ ड्रॉइंगवर १५ लिहिले आहे आणि आपल्या स्केचवर १२ दिसत आहे, तर ९० च्या जागी ९६ वाचले गेले असणार. तेलकट हातांनी मळलेल्या ड्रॉइंगवर असे होतेच. अशा वेळी पडद्याशी झटापट न करता मूळ ड्रॉइंग उजेडात न्यावे, नमुना असेल तर व्हर्निअर लावावा.

आकृती उलटते तेव्हा

कधीकधी रंग बिघडत नाही, पण माप बदलताच आकृती एकदम उलटीपालटी होते. मुले याला संगणक वेडा झाला असे म्हणतात. वेडे काही झालेले नसते. रेषाखंड कख ६० चा घ्या. क पासून ४० आणि ख पासून ५० अंतरावरचा बिंदू कंपासने शोधा. दोन मिळतात ना? एक रेषेच्या वर, एक खाली. मापे दोघांनाही सारखीच पटतात. संगणक बहुधा आधीच्या आकृतीला जवळचे उत्तर निवडतो, पण तेच निवडील असे वचन त्याने दिलेले नाही.

आता कख वाढवीत जा. ६० ला तो बिंदू रेषेपासून सुमारे ३३ मिलिमीटर उंच असतो. ८९ ला जेमतेम साडेसहा. ९० ला रेषेवरच येतो आणि ९१ टाकले की स्केच सुटतच नाही. त्रिकोणाच्या कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असते, हा सिद्धांत पाठ करून गुण मिळविलेले मूलच येथे अडून बसते! मापे मोठ्या फरकाने बदलायची असतील तर एकदम उडी न घेता दोन-तीन टप्प्यांत बदलावी, आणि मुळात स्केच काढतानाच ते खऱ्या आकाराच्या जवळपास काढावे. १० मिलिमीटरच्या आकृतीवर पहिलेच माप ४०० घातले की बाकीच्या रेषा कोठेही फेकल्या जातात. फ्रीकॅड मोफत मिळते, त्याची १.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. ज्यांच्याकडे संगणक आहे त्यांनी हा प्रयोग करून पाहावा. ज्यांच्याकडे नाही, किंवा पावसात वीज नाही, त्यांना कंपास आणि वही पुरेशी आहे.

इंच, पाइप आणि ओतकाम

भाग पंचवीस पटींनी मोठा किंवा लहान दिसत असेल तर फार शोधू नये. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, फाइल एका एककात आणि आपण दुसऱ्यात आहोत. आपल्या देशात मेट्रिक मापे १९५८ पासून लागू होऊ लागली, तरी नळाचे दुकान आजही इंचातच बोलते. त्यात एक खोच आहे. 'अर्ध्या इंची' जी.आय. पाइप म्हणून १२.७ चे भोक काढाल तर पाइप आत जाणार नाही, कारण त्याचा बाहेरचा व्यास सुमारे २१.३ मिलिमीटर असतो. अर्धा इंच हे त्याचे नाव आहे, माप नव्हे. एककांच्या गोंधळाने मोठमोठ्यांना सोडलेले नाही. १९९९ साली अमेरिकेचे 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान मंगळापाशी नष्ट झाले, कारण एका बाजूचे आकडे पौंडांच्या मापात होते आणि दुसरी बाजू ते न्यूटनच्या मापात धरून चालली होती.

फौंड्रीत जाणाऱ्यांसाठी आणखी एक. वितळलेले बीड थिजताना आकसते, साधारण शेकडा १. पोलाद साधारण शेकडा २. म्हणून ३०० च्या बिडाच्या भागाचे पॅटर्न सुमारे ३०३ चे करतात. आपल्या खानापूरकडच्या कौलांच्या आणि मातीकामाच्या कारागिरांना हे कोणी शिकवावे लागत नाही. ओली माती वाळून, भाजून किती आटते हे ते जाणतात. परंतु स्केचमध्येच ३०३ लिहून ठेवू नये. मग तयार भागाचे खरे माप कोणते हे सहा महिन्यांनी कोणालाच कळत नाही, आणि भोकांच्या अंतराचे माप वाढवायचे राहून गेले तर अटी भांडायला लागतात. स्केचमध्ये ३००च ठेवावे, आकसण्याची वाढ शेवटी संपूर्ण भागाला एकदम द्यावी.

स्केच रंगाने अगदी बरोबर असूनही त्याचा घन होत नसेल, तर कोपऱ्यात उघड्या डोळ्यांना न दिसणारी फट असते, किंवा एकाच रेषेवर दुसरी रेष पडलेली असते. दुसऱ्याकडून आलेल्या फाइलीत हे फार. फ्रीकॅडमधील 'व्हॅलिडेट स्केच' हे साधन न जोडलेली टोके शोधून देते.

राहता राहिला भाषेचा प्रश्न. आमचे स्वतःचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तेथे भूमितीला ज्यामिति म्हणत, काटकोनाला समकोण आणि लघुकोनाला न्यून कोण. काटकोन मात्र दोन्हीकडे ९० अंशांचाच होता. कॅडच्या मेनूत लागणारे नेहमीचे शब्द वीसच्या आसपास आहेत. पॅरलल म्हणजे समांतर, पर्पेंडिक्युलर म्हणजे लंब, टँजंट म्हणजे स्पर्शिका, कॉन्सेंट्रिक म्हणजे एककेंद्री, सिमेट्रिक म्हणजे सममित, कोइन्सिडंट म्हणजे एकाच जागी. एका रविवारी पाठ होतील. स्पर्शिका ही त्रिज्येला लंब का असते, हे समजायला मात्र एक रविवार पुरत नाही. ते तुम्ही दोन वर्षे शिकला आहात.

आता आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी एक प्रश्न. एका खिडकीच्या चौकटीच्या बाजू क्रमाने ६०, ४५, ६०, ४५ सेंटिमीटर आणि एक कर्ण ७५ सेंटिमीटर आहे. (१) चौकटीचे कोपरे काटकोनात आहेत का? (२) दुसरा कर्णही ७५ लिहिला तर ते माप फुकटचे ठरेल की भांडखोर? ७४ लिहिला तर? (३) सुतार तरीही दोन्ही कर्ण का मोजून पाहतो? उत्तरे वहीत आकृतीसह लिहून आपल्या गणिताच्या शिक्षकांकडे द्यावीत. निवडक उत्तरे पुढील अंकात छापू.